वाचकांचे प्रश्न : गाडीवाचून ह्यूस्टन

प्रश्न : मुलगी-जावई ह्यूस्टनला असतात. आम्ही दोघे काही महिने तेथे राहणार आहोत. गाडी चालवता येत नसल्यास अडेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : स्पष्टच सांगायचे तर, अडेल. हे शहर दीड हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले असून केटी फ्रीवे हा महामार्ग काही ठिकाणी सेवारस्त्यांसह २६ मार्गिकांचा आहे. त्यामुळे समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठीही पुष्कळदा गाडीच काढावी लागते. २००४ साली सुरू झालेली मेट्रोरेल डाउनटाउन (शहराचा मध्यवर्ती, कचेऱ्यांचा भाग), संग्रहालयांचा परिसर आणि टेक्सस मेडिकल सेंटर हे रुग्णालयांचे संकुल यांना जोडते खरी, पण उपनगरांत तिचा उपयोग नाही. तेथील कित्येक वसाहतींत पदपथ मध्येच संपतो आणि पुढे गवतातून चालावे लागते. डाउनटाउनमध्ये उन्हापासून बचावासाठी जमिनीखालून सुमारे दहा किलोमीटरचे वातानुकूलित बोगदे आहेत. त्यांत उपाहारगृहांपासून केशकर्तनालयांपर्यंत सर्व काही असते. मात्र ही सारी वर्दळ कचेऱ्यांच्या वेळेपुरतीच, शनिवार-रविवारी तेथे शुकशुकाट.

डाळी, पिठे, मसाले हिलक्रॉफ्ट भागातील भारतीय दुकानांत सहज मिळतात, तेव्हा सामानाचे वजन त्यात घालवू नका. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो आणि २०१७ च्या हार्वी वादळात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, म्हणून शक्य असल्यास डिसेंबर ते एप्रिलची तिकिटे काढावीत. सकाळी फिरणेही त्याच महिन्यांत सुसह्य होते.