महामारीत विकसनशील देशांत ऑनलाइन शिक्षण फसलं ते फक्त इंटरनेट नव्हतं म्हणून का?

तुम्ही विचारलंय की सगळ्या मुलांकडे मोबाईल आणि नेट असतं तर 2020-21 मध्ये शाळा बंद असताना एवढं नुकसान झालं नसतं का, आणि भारतासारख्या बाकीच्या देशांत नेमकं काय झालं. मी प्राथमिकला गणित शिकवतो, तेव्हाही शिकवत होतो, आणि तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर नेट नव्हतं हे खरंच आहे पण ते अर्धंच कारण. ज्यांच्याकडे नेट होतं त्यातली पण भरपूर मुलं मागे पडली, कारण शिकवलेलं मुलापर्यंत जाणं आणि मुलाचं अडलेलं शिक्षकापर्यंत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जवळजवळ सगळ्या सरकारांनी फक्त पहिलीवर पैसा आणि डोकं घातलं.

आधी नेटचं बोलू, कारण ते आकडे खरंच धक्कादायक आहेत. एप्रिल 2020 मध्ये युनेस्कोच्या हिशोबाने जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलं शाळा-कॉलेजबाहेर होती. युनिसेफने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं की किमान 46 कोटी मुलांपर्यंत ऑनलाइन, टीव्ही, रेडिओ यातलं कुठलंच शिक्षण पोचू शकत नव्हतं. डिसेंबरमध्ये अजून एक आकडा आला, जगभरातल्या 3 ते 17 वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेटच नाही. आपल्याकडे 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या साधारण 15 टक्के कुटुंबांकडे इंटरनेट होतं आणि कॉम्प्युटर तर साडेचार टक्क्यांपेक्षाही कमी घरांत. म्हणजे आपण लॉकडाऊनमध्ये शिरलो तेच मुळात असे.

पण हे सर्वे "घरात आहे का" एवढंच विचारतात. घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हातात असणं यात फार फरक आहे हो. फोन वडिलांचा असतो, ते सकाळी कामावर घेऊन जातात, संध्याकाळी सात-आठला फोन घरी येतो तेव्हा तास कधीच संपलेला असतो, आणि घरात तीन मुलं असतील तर दहावीवाल्याचा नंबर पहिला, मग दुसरा मुलगा, आणि मुलगी असेल तर तिला बऱ्याचदा शेवटी आणि तेही स्वयंपाक-भांडी उरकल्यावर. असर म्हणजे दरवर्षी मुलांना किती वाचता-मोजता येतं हे घरोघरी तपासणारी पाहणी, तिच्या 2021 च्या सर्वेक्षणात घरी स्मार्टफोन असलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासाला कधीच मिळत नव्हता असं आलं होतं. लाइव्ह व्हिडिओ तासाला सहज अर्धा ते एक जीबी डेटा जातो, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर दोन मुलांचे चार-चार तास कसे बसवायचे सांगा. त्यात रेंज नाही, फोन गरम होऊन बंद पडतोय, मेमरी फुल. लॉकडाऊनमध्ये ज्यांचं कामच गेलं त्यांना रिचार्ज आणि किराणा यातलं एक निवडावं लागत होतं.

म्हणून बऱ्याच देशांनी सरळ टीव्ही-रेडिओ धरला, आणि ते मला तरी योग्यच वाटतं. पेरूने एप्रिल 2020 च्या पहिल्याच आठवड्यात टीव्ही, रेडिओ आणि वेबसाइट तिन्हीवर शिकवणं सुरू केलं. मेक्सिकोने ऑगस्टमध्ये चार खासगी टीव्ही कंपन्यांशी करार करून तीन कोटी मुलांसाठी तास दाखवले. बांगलादेशात संसद टीव्हीवर तास लागायचे, आपल्याकडे केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या योजनेत एका इयत्तेला एक असे 12 चॅनेल. सिएरा लिओनचं मला विशेष वाटतं, तिथे 2014-15 मध्ये इबोलाच्या साथीत शाळा बंद झाल्या होत्या तेव्हा रेडिओवरून शिकवलं होतं, तो अनुभव हाताशी होता म्हणून 2020 मध्ये रेडिओशाळा लगेच चालू करता आली. फिलिपिन्सने तर छापील पुस्तिकाच दिल्या, पालकांनी ठरलेल्या दिवशी न्यायच्या आणि सोडवलेल्या परत आणून द्यायच्या. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांवर लाऊडस्पीकर लावून धडे ऐकवले गेले. लोकांनी जीव तोडून काम केलं यात शंकाच नाही, आणि शिक्षकांनी काहीच केलं नाही असं कोणी म्हणालं की मला अजूनही राग येतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मी गणितातूनच सांगतो कारण मला तेच नीट सांगता येतं. बावन्न वजा सत्तावीस. पहिल्यांदा शिकणारी बरीच मुलं याचं उत्तर पस्तीस काढतात. का, तर दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन घालवतात, पाच, आणि पाचातून दोन तीन, झालं पस्तीस. मुलाच्या डोक्यात नियम पक्का बसलेला असतो, "मोठ्यातून लहान घालवायचा". वर्गात मी बाकांमधून फिरताना पस्तीस दिसलं की मला एका क्षणात कळतं गाडी कुठे अडली, मी तिथेच काड्यांचे गठ्ठे काढतो, एक दशक सोडवून दहा सुट्ट्या करतो आणि बहुतेकांचं दोन दिवसांत सुटतं. टीव्हीवर हेच गणित कितीही सुंदर शिकवलं, ॲनिमेशन केलं, तरी टीव्हीला ते पस्तीस दिसत नाही. व्हॉट्सॲपवर गृहपाठाचा फोटो येतो त्यात उत्तर पंचवीस असतं कारण ताईने सांगितलेलं असतं किंवा आईने खोडून नीट केलेलं असतं, म्हणजे मला दिसतं की सगळं छान चाललंय. फिलिपिन्समध्ये पण हीच तक्रार होती की पुस्तिका मुलांऐवजी पालकच सोडवतात. पालकांना दोष देत नाही मी, पोराची वही कोरी गेली तर शाळेत काय म्हणतील ही भीती कोणत्याही आईबापाला असतेच.

तर अडलेलं ठिकाण कोणालाच दिसत नव्हतं, पाठ मात्र पुढे सरकत होता. आणि गणित-वाचनात एक पायरी सुटली की पुढचं सगळं अधांतरी राहतं, हातच्याची वजाबाकी नाही तर भागाकार नाही, भागाकार नाही तर अपूर्णांक नाही.

मी हे नुसतं माझ्या अनुभवावरून म्हणत नाहीये, बोट्स्वानामध्ये तेव्हा यावर फार चांगला प्रयोग झाला. साधारण साडेचार हजार कुटुंबं घेतली, तिसरी ते पाचवीची मुलं. काहींना आठवड्याला एसएमएसवर सोपी गणितं पाठवली. काहींना एसएमएस आणि त्यासोबत शिक्षकाचा आठवड्यातून एक फोन, पंधरा-वीस मिनिटांचा, मूल आणि पालक दोघं फोनवर. स्मार्टफोन लागत नाही, नेट लागत नाही, बटणांचा साधा फोन चालतो. 2022 मध्ये निकाल छापून आले, ज्यांना फोन गेले त्यांच्यात स्पष्ट सुधारणा, आणि नुसते एसएमएस मिळालेल्यांत म्हणावा असा फरक नाही. मजकूर तोच होता! फरक फक्त एवढाच की पलीकडून कोणीतरी विचारत होतं "कसं केलंस ते बोलून दाखव", आणि उत्तर ऐकून पुढचं गणित ठरत होतं. मग हेच भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडामध्ये करून बघितलं आणि तिथेही उपयोग झाला. मी स्वतः माझ्या वर्गातल्या मुलांना संध्याकाळी वडील घरी आल्यावर साधे कॉल करायचो, आणि ज्या मुलांशी असं बोलणं होत राहिलं ती शाळा उघडल्यावर बरीच सावरलेली होती. मोठा वर्ग असेल तर एका शिक्षकाला सगळ्यांना फोन करणं कठीण जातं हे मान्य, पण रोज चार तास लाइव्ह घेण्यात जो वेळ जात होता त्यातला थोडा जरी इकडे वळवला असता तरी पुष्कळ झालं असतं.

शाळा किती काळ बंद राहिल्या यातही देशादेशांत खूप फरक होता. युगांडात मार्च 2020 ला बंद झाल्या त्या सगळ्या वर्गांसाठी थेट 10 जानेवारी 2022 ला उघडल्या, बंद-अर्धवट चालू धरून 83 आठवडे, जगात सगळ्यात जास्त. बांगलादेशात जवळपास दीड वर्ष, 12 सप्टेंबर 2021 ला उघडल्या. केनियाने जुलै 2020 मध्ये जाहीर केलं की हे वर्षच धरायचं नाही, मुलं त्याच वर्गात परत बसतील. तेव्हा त्यावर खूप टीका झाली, वर्ष वाया घालवलं म्हणून. मला मात्र वाटतं त्यात निदान प्रामाणिकपणा होता, जे शिकवलंच गेलं नाही ते शिकवलं असं तरी त्यांनी धरलं नाही. आपल्याकडे आणि बहुतेक ठिकाणी मुलं वर ढकलली गेली. मुलांना नापास करा असं मी अजिबात म्हणत नाही, वर पाठवलं ते ठीकच, पण मग पुस्तक तरी मागचं उघडायचं होतं ना.

यावरून पाकिस्तानातल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगतो, ती माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची चावी आहे. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीर आणि त्याच्या आसपासच्या भागात मोठा भूकंप झाला, शाळा सरासरी 14 आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी अभ्यासकांनी मुलांची चाचणी घेतली तर भूकंपाच्या जवळच्या गावांतली मुलं जवळजवळ दीड वर्षाने मागे होती. शाळा बंद चौदा आठवडे आणि तोटा दीड वर्षाचा! म्हणजे खरं नुकसान शाळा उघडल्यानंतर वाढत गेलं असणार, मुलं वर्गात आली पण वर्ग त्यांच्या पुढे निघून गेलेला होता आणि दर महिन्याला अंतर वाढतच राहिलं. त्यात अजून एक गोष्ट दिसली, ज्यांची आई निदान प्राथमिक शिकलेली होती त्या मुलांचं हे नुकसान झालंच नाही. घरात अडलेलं बघणारं कोणीतरी होतं, बस. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा.

आपल्याकडचं चित्र बघा. ऑगस्ट 2021 मध्ये 15 राज्यांतल्या गरीब वस्त्यांतल्या साधारण 1400 मुलांची पाहणी झाली, त्यात ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं फक्त 8 टक्के होती आणि 37 टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. असर 2022 मध्ये, म्हणजे शाळा पूर्ण सुरू झाल्यावर, तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी 20.5 टक्के, 2018 मध्ये हीच 27.3 टक्के होती. जागतिक बँक, युनेस्को, युनिसेफ यांचा 2022 चा अंदाज असा की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी साधा मजकूर वाचून न समजणारी मुलं महामारीआधी 57 टक्के होती ती 70 टक्क्यांवर गेली असावीत. 57 हा आकडाही बघून घ्या, महामारीच्या आधीचा आहे तो. सगळं खापर ऑनलाइनवर फोडता येत नाही.

कॉलेजचं वेगळं, तिथे मुलं मोठी असतात, रेकॉर्डिंग दोनदा ऐकून काहीतरी करून घेतात, तरी प्रॅक्टिकलवाल्या शाखांचे हाल झालेच. सगळ्यात जास्त फटका बसला तो पहिली-दुसरीच्या मुलांना. जे मूल जून 2020 ला पहिलीत आलं त्याने शाळेची पायरी नीट चढली ती तिसरीत. पेन्सिल कशी धरायची, रांगेत कसं बसायचं, दुसऱ्याचं ऐकून मग आपण कसं बोलायचं हे स्क्रीनवर येत नाही. ही मुलं 2030 मध्ये दहावीची परीक्षा देतील, तोपर्यंत हा विषय संपला असं म्हणायची घाई कोणी करू नये.

आता तुमच्या प्रश्नात शेवटी होतं की परत अशी वेळ आली तर काय करावं. माझं मत विचाराल तर शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला समोर बसवून एक उतारा वाचून घ्यायचा आणि दोन-चार गणितं तोंडी विचारायची, लेखी परीक्षा नको, आणि मग दिवसातले निदान दोन तास इयत्ता बाजूला ठेवून ज्याला जेवढं येतं तिथून पुढे शिकवायचं. प्रथम ही शिक्षणात काम करणारी संस्था हे कितीतरी वर्षं करत आलीये आणि ते चालतं हे तपासून झालेलं आहे. महाराष्ट्रात 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचा, आला, कल्पना चांगली होती, पण शाळा बंद असल्याने तोही बऱ्याच ठिकाणी पीडीएफनेच गेला. शाळा बंद असतानासाठी प्रत्येक शाळेकडे मुलाच्या घरचा चालू फोन नंबर आणि तो फोन घरी कधी असतो ती वेळ लिहून ठेवलेली असावी. आणि शिक्षकांच्या कॉलचा खर्च शाळेने उचलावा, तेव्हा बहुतेकांनी तो स्वतःच्या खिशातून केला.