‘समाधान झाले’ एवढं मात्र लिहून देऊ नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. रीलमध्ये बघून तांब्याचं तोटीवालं पिंप मागवलं, महिन्याभरात आतून पांढरा पत्रा दिसायला लागला, आणि आता विक्रेता म्हणतोय, ‘आधी तक्रार बंद करा, मग बदलून देतो.’ तीन वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी उभी होते, म्हणून घाईने लिहायला बसले. बिल जपा, खोका फेकू नका वगैरे तुम्हाला सांगायला नको. एकच गोष्ट जीव तोडून सांगते. पैसे खात्यात दिसेपर्यंत ‘समाधान झाले’, ‘ठीक आहे’, ‘धन्यवाद’ यातला एकही शब्द त्यांना लिहून पाठवू नका.

माझं असं झालं. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला काय द्यावं या विचारात होते, आणि रात्री भांडी आवरून फोन घेतला की तोच व्हिडिओ समोर यायचा. हातोडीचे ठोके, मागे पावसाचा आवाज, एक बाई पिंपातून पेला भरते आणि खाली अक्षरं येतात, ‘१०० टक्के शुद्ध तांबे’. किंमत २,९९९. मागवलं. पंचाहत्तरीला सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे विसाव्या दिवशी चिंच-मिठाने घासताना काठाजवळ बोटभर लांबीची पांढरी रेघ दिसली. आणखी थोडं घासलं तर ती रुंदावली. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं, ते टक्कन चिकटलं.

दुसऱ्या दिवशी पिंप पिशवीत घालून आपल्या नाशिकच्या भांडी बाजारात गेले, तिथून तांबट लेनमध्ये. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने आधी नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग मला विचारून बुडाशी, दिसणार नाही अशा ठिकाणी, कानस दोनदा ओढली. लाल रंग गेला आणि खाली चकचकीत पांढरं उघडं पडलं. म्हणाले, “बाई, लोखंडी पत्रा आहे हा. वरून तांब्याचं पाणी दिलंय.” पैसे घेतले नाहीत. ते बोलताना मागे दोन दुकानांत ठोके चालू होते, तोच आवाज जो मी व्हिडिओत ऐकून भुलले होते. घरापासून वीस मिनिटांवर खरा माल होता. हे मला आजही लागतं.

आता चूक. विक्रेत्याला फोटो पाठवले. मेसेजवर फार गोड बोलत होते. ‘मॅडम, तुम्हाला पूर्ण रकमेचं कूपन देतो, फक्त तक्रार निकाली निघाली असं लिहा, म्हणजे सिस्टीममध्ये कूपन तयार होईल.’ मी लिहिलं, ‘ठीक आहे, समाधान झाले, धन्यवाद.’ कूपन आलं. ते ५,००० रुपयांच्या खरेदीवरच चालणारं आणि तीस दिवसांत संपणारं निघालं. परत मेसेज केला, तर तक्रारीचं तिकीट बंद. मग शहरातल्या एका कार्यालयात गेले. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. तीन खेपा झाल्या, दोन वेळा अर्धी रजा टाकली. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला अर्जाचा नमुना बदललेला. तिसऱ्या खेपेला समोरच्या गृहस्थांनी माझाच मेसेज मला वाचून दाखवला. “तुम्हीच समाधान झाले लिहिलंय, आता आम्ही काय करणार?” मी पिशवीतून पिंप आणि लोहचुंबक काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. कागदावर जे आहे तेच खरं, हातातली वस्तू खोटी. त्या दिवशी बाहेर येऊन स्कूटरवर बसून रडले, खरंच सांगते. पैसे शेवटपर्यंत आले नाहीत.

तुमच्या बाबतीत अजून काहीच हातचं गेलेलं नाही. (मी वकील नाही. नंतर स्वतः वाचून आणि दिरांच्या एका प्रकरणात वापरून जे कळलं तेवढंच सांगते. मोठ्या रकमेचा मामला असेल तर जाणकाराला विचारा.)

आज रात्रीच तो व्हिडिओ शोधा आणि फोनच्या स्क्रीन रेकॉर्डिंगवर घ्या. किंमत, ‘शुद्ध तांबे’ ही अक्षरं आणि खात्याचं नाव एकाच रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं. असे व्हिडिओ तक्रार केली की गायब होतात. मग विक्रेत्याला एकच लेखी तक्रार ईमेलने पाठवा, फोनवर बोलत बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. ‘बदलून देतो’ म्हणाले तर उत्तर एवढंच, ‘माल मिळाल्यावर आणि तपासल्यावर कळवते.’ सोबत ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. दिरांचे पैसे ईमेल आणि १९१५ एवढ्यावरच परत आले, कारण त्यांनी माझ्यासारखं ‘धन्यवाद’ लिहिलं नव्हतं.

तरी नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीची असली तरी २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. अडीच-तीन हजारांसाठी कोण जाणार, असं सगळे म्हणतात. माझ्या मते जावं. त्यांचा सगळा धंदा आपण जाणार नाही याच भरवशावर चालतो.

एक सूचना. त्यांचा नंबर गुगलवर ‘कस्टमर केअर’ टाकून शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर असतात. कुणी स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

लोक म्हणतात व्हिडिओ बघून काही घेऊच नये. मला ते पटत नाही. मी रोज बघते, आनंदाने बघते. बिडाचा तवा तयार कसा करायचा, पितळेच्या पातेल्याला कल्हई कधी करायची, हे मी व्हिडिओंवरूनच शिकले. फक्त सहा महिने वापरलेली वस्तू दाखवणाऱ्याचा, तिचा डाग आणि दोष दाखवणाऱ्याचा व्हिडिओ बघा. खोका उघडून ‘वाव’ म्हणणाऱ्याचा सोडून द्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली शिफारस असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, आणि तेही व्हिडिओच्याच भाषेत. मराठी व्हिडिओच्या तळाशी बारीक इंग्रजी शब्द टाकून चालत नाही.

लोहचुंबकाबद्दल थोडं, कारण तुमच्या पोस्टखाली दोघांनी अर्धवट लिहिलंय. चिकटलं तर ते शुद्ध तांबं नाही, हे नक्की. पण चिकटलं नाही म्हणून तांबंच, असं नाही. अ‍ॅल्युमिनियमला आणि काही स्टीललाही चिकटत नाही. अ‍ॅल्युमिनियम हातात घेताच कळतं, तांबं त्याच्या तिपटीहून जड असतं. स्टीलचा फरक वजनावरून आपल्याला कळणार नाही, तिथे कारागिराची कानसच हवी. आणि पिंप खरं मिळालं तरी त्यात लिंबू सरबत किंवा ताक ठेवू नका, फक्त पाणी.

भांडी बाजारात जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर रविवार कारंजापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही. पावसाळा आहे, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी सोडलं असेल तर नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडालाय ते विचारून निघा. कानस मारून घ्याल तेव्हा आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढा, आणि पिंपाच्या खोक्यावर उत्पादकाचा पत्ता छापलाय का ते बघून इथेच टाका. ईमेलचा मसुदा मी लिहून देते.