आपले प्रश्न : गर्भारपण, त्वचा आणि क्रीमची किंमत

प्रश्न : मी 27 वर्षांची असून मला पाचवा महिना सुरू आहे. पोटावर रेघा उमटू नयेत म्हणून पुण्याच्या नणंदेने 1,850 रुपयांची क्रीम पाठवली आहे, तर सासूबाई खोबरेल तेलच लावायला सांगतात. गालांवर वांग आले आहेत. त्यासाठी औषधाच्या दुकानातून 120 रुपयांची ट्यूब आणली, पण मैत्रीण म्हणते की असले स्वस्त काही लावण्यापेक्षा रेटिनॉलचे चांगले सीरम घे. स्वस्त वस्तूने बाळाला अपाय होईल का? महाग वस्तू अधिक सुरक्षित असते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या चार वस्तूंपैकी दोन आजच बाजूला ठेवाव्यात, आणि त्यांतली एक, म्हणजे रेटिनॉलचे सीरम, महागांपैकी, तर दुसरी, म्हणजे 120 रुपयांची ट्यूब, स्वस्तांपैकी आहे. किमतीवरून सुरक्षितता ठरवता येत नाही ती अशी.

आधी ट्यूबविषयी. तिच्या वेष्टनावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन नावे आहेत का ते पाहा. वांगावर म्हणून दुकानातून सर्रास दिल्या जाणाऱ्या क्रीममध्ये बहुधा हेच त्रिकूट असते. त्वचेला लावलेल्या हायड्रोक्विनोनपैकी सुमारे 35 ते 45 टक्के शरीरात शोषले जाते, म्हणून गर्भारपणात ते टाळतात. ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध आहे. मोमेटासोन हे स्टेरॉइड असून ते चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लालसर होते, लव वाढते आणि क्रीम थांबवताच चेहरा भडकतो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाची असतात, पण आपल्याकडे काउंटरवर चिठ्ठी मागतो कोण?

मैत्रिणीने सुचवलेले सीरमही त्याच कुळातले. या गटातील पोटात घ्यायच्या गोळ्यांमुळे बाळात गंभीर व्यंग निर्माण होते, हे निःसंशय सिद्ध झालेले आहे. या कुळातले द्रव्य त्वचेवर लावले तर फार थोडे शोषले जाते, त्यामुळे पूर्वी नकळत काही दिवस लावले गेले असेल तर घाबरून जाऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे झाले. मात्र नऊ महिने ज्याच्यावाचून काही अडत नाही, ते मुद्दाम का लावावे? रेटिनॉल, रेटिनाल्डिहाइड, ॲडापॅलिन, ट्रेटिनॉइन ही नावे दिसली की वस्तू दोनशेची असो वा तीन हजारांची, ती प्रसूतीनंतरसाठी ठेवावी, आणि तेव्हाही अंगावर पाजत असाल तर विचारूनच वापरावी.

आता नणंदेची क्रीम. डबीच्या मागची घटकांची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, फक्त एक टक्क्याहून कमी असलेल्यांचा क्रम कसाही चालतो. फिनॉक्सीइथेनॉल नावाचे परिरक्षक, म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेले द्रव्य, बहुतेक क्रीममध्ये असते आणि ते एक टक्क्यापेक्षा अधिक घालत नाहीत, त्यामुळे त्याच्या खाली ज्यांची नावे येतात ती द्रव्ये साधारणतः एक टक्क्याच्या आतलीच समजावीत. वेष्टनावर ज्या केशराचे किंवा मंडूकपर्णीचे मोठे चित्र छापलेले असते, ते बरेचदा या रेषेखाली सापडते. वरच्या ओळींत पाणी, ग्लिसरीन आणि खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली, म्हणजे दीडशे रुपयांच्या क्रीममध्येही असते तेच. उरलेले पैसे सुगंधाला, बाटलीला आणि हाताला लागणाऱ्या मऊपणाला जातात. तो मऊपणा खोटा नाही, क्रीम चिकट नसेल तर ती रोज लावली जाते. पण सुगंधी द्रव्यांनी काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, आणि गर्भारपणात एरवी आवडणारा वासही मळमळ आणू शकतो.

पोटावरच्या रेघांविषयी मात्र स्पष्ट लिहिते. त्या त्वचेखालचे तंतू ताणले जाण्यातून, संप्रेरकांतून आणि आनुवंशिकतेतून येतात. क्रीम किंवा तेल लावल्याने त्या टळतात, असा भक्कम पुरावा वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2012 सालच्या आढाव्यात मिळाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल यांच्या चाचण्यांतही फरक दिसला नव्हता. म्हणून सासूबाईंचे खोबरेलही रेघा रोखणार नाही, पण कोरडेपणा आणि ताणाची खाज ते नक्की कमी करते. पोटाला अवश्य लावा. चेहऱ्यावर नको, मुरुमे वाढतात. नणंदेच्या क्रीममध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाचे वर सांगितलेले प्रकार नसतील तर तीही वापरून संपवा, तिने प्रेमाने पाठवली आहे, पण दुसरी मागवू नका.

खर्चच करायचा तर सनस्क्रीनवर करा, कारण वांग वाढण्यामागे ऊन मोठे कारण आहे. झिंक ऑक्साइड किंवा टिटॅनियम डायऑक्साइडचे, एसपीएफ 30 किंवा अधिक असलेले निवडा. किंचित रंगीत आणि आयर्न ऑक्साइड असलेले मिळाले तर उत्तम, कारण वांगाला दृश्य प्रकाशही खुपतो. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे, म्हणजे सुमारे एक ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावल्यास 50 ग्रॅमची ट्यूब जेमतेम 25 दिवस पुरते. नऊशे रुपयांची ट्यूब दोन महिने पुरवून वापरणारीला निम्म्याहून कमी संरक्षण मिळते. साडेतीनशेची सढळ हाताने लावणे केव्हाही बरे. एवढ्यावर भागले नाही तर ॲझेलिक ॲसिड गर्भारपणात चालते, पण ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारून. बाळंतपणानंतर काही महिन्यांत वांग बऱ्याच जणींचे आपोआप फिके होतात.

स्वस्तातली खरी भीती वेगळीच आहे. ब्यूटी पार्लरमध्ये विनानावाच्या डबीत मिळणारी किंवा निर्मात्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली गोरेपणाची क्रीम घरात असेल, तर ती टाकून द्या. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि त्याच्या वाढत्या मेंदूला इजा करू शकतो. भारतात 2020 च्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. तरीही अकोल्याच्या एका कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे स्थानिक बनावटीच्या क्रीममुळे बाधित झाल्याचे वृत्त 2023 साली आले होते. पाऱ्याचे नाव यादीत कोणी छापत नाही. आठवड्याभरात चेहरा उजळला, तर आनंदापेक्षा शंका यावी.

प्रश्न : मला आठवा महिना आहे. तळहात आणि तळपायांना रात्री असह्य खाज सुटते, अंगावर पुरळ मात्र नाही. साधे मॉइश्चरायझर झाले, महागही झाले. आता कोणते घ्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणतेही घेऊ नका. पुरळाविना तळहात-तळपायांना सुटणारी आणि रात्री वाढणारी खाज हे यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे लक्षण असू शकते, आणि त्या विकारात बाळाला धोका असतो. आजच स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा आणि रक्तातील पित्ताम्ले व यकृताचे कार्य यांची तपासणी करून घ्या. पुढच्या नियमित भेटीपर्यंत थांबू नका.