नाक रुंद आहे. अरुंद दिसण्यासाठी शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

आधी रुंदी कुठे आहे ते बघा. आरशासमोर डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतून सरळ खाली रेघ कल्पून पाहा. नाकपुड्या तिच्या बऱ्याच बाहेर जात असतील तर त्यांच्या बुडातून पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा कापून काढतात, एका बाजूला साधारण २ ते ४ मिमी. भूल बहुधा जागेपुरती, टाके ५-७ दिवसांत निघतात. वरचं हाडच पसरट असेल तर ते कापून आत सरकवावं लागतं. मग पूर्ण भूल आणि आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी. नुसतं हसताना नाक पसरतं म्हणून सुरी लावून घेऊ नका.

गडबड होते ती जास्त कापल्याने: नाकपुडी चिंचोळी होते, श्वास अडतो, आणि ते दुरुस्त करणं फार अवघड. म्हणून जाणता सर्जन हात आखडताच ठेवतो. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं.