खनिज संपते तेव्हा मागे काय उरते?

नैसर्गिक साधनसंपत्तीवर अवलंबून असलेल्या देशांचा विकास टिकत का नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मूळ चूक हिशेबात असते: खनिज विकून आलेली रक्कम उत्पन्न म्हणून मांडली जाते, वास्तविक ती वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशासारखी असते.

पॅसिफिक महासागरातील नाऊरू हे अवघ्या 21 चौरस किलोमीटरचे बेट पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथील फॉस्फेट खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना खतासाठी पुरवले गेले. 1968 मध्ये नाऊरू स्वतंत्र झाला, दोन वर्षांनी हा व्यवसाय त्याच्या हाती आला आणि काही काळ दरडोई उत्पन्नात तो जगातील अग्रगण्य देशांत गणला गेला. साठा संपणार हे सर्वांना ठाऊक होते, त्यासाठी निधीही होता. परंतु सरकारी खर्च आवरला नाही, गुंतवणुकी फसल्या, कर्जे वाढली आणि मेलबर्नमधील ‘नाऊरू हाउस’ ही उत्तुंग इमारत 2004 मध्ये विकावी लागली. पैसा गेलाच, पण जमीनही गेली. बेटाच्या मध्यभागी आज चुनखडीचे उघडे सुळके उभे आहेत आणि तेथे काही पिकवता येत नाही. 2001 पासून ऑस्ट्रेलियाने पाठवलेल्या आश्रयार्थींची छावणी हा त्या देशाचा मोठा आधार झाला, हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

निर्यातीच्या पैशामुळे चलन वधारून इतर उद्योग दुबळे होणे हाही एक धोका आहेच. नेदरलँड्सला नैसर्गिक वायू सापडल्यानंतर तो अनुभव आला.

याउलट नॉर्वेने 1990 मध्ये तेलाचे उत्पन्न साठवणाऱ्या निधीचा कायदा केला आणि 2001 पासून निधीच्या अपेक्षित वास्तव (महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याइतकाच, सध्या सुमारे 3%, खर्च करण्याचे बंधन स्वीकारले. मात्र तेल सापडण्यापूर्वीच तेथे सक्षम प्रशासन आणि जागरूक संसद होती, म्हणून केवळ निधी स्थापन करून संपत्ती टिकवणे इतरांना साधेल असे मी म्हणणार नाही.

मी गोव्यातील डिचोली तालुक्याचा. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारोदारी उभे होते, कारण गावांनी दुसरा रोजगार उभाच केला नव्हता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतील 10% रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. तो मला योग्य वाटतो, पण दहावा हिस्सा अपुरा वाटतो. उरलेले नऊ हिस्सेही त्याच मुलांच्या मालकीच्या डोंगरातून निघालेले असतात.