डीपसी घेतोयस? आधी मनगट बघ

अरे, रोलेक्स डीपसी, म्हणजे त्यांचं खोल समुद्रात डायव्हिंगचं घड्याळ, घ्यायची म्हणतोयस तर नुसता ४४ मिमी व्यास बघून ठरवू नकोस, खरा प्रश्न जाडीचा आहे, जवळपास पावणेअठरा मिमी, फुल शर्टाची बाही अडकतेच, मी तर आता शिंप्याला डावा कफ अर्धा इंच सैल ठेवायला सांगतो. दुकानात चांगला अर्धा तास घालून बस, हात खाली सोड, टाइप करून बघ. लग्ज, म्हणजे पट्टा जिथे जोडतात ती टोकं, मनगटाबाहेर जात असतील तर सोडून दे, रोलेक्सचीच ४१ मिमीची सबमरिनर घे, त्यात काही कमीपणा नाही.

पट्टा मात्र सैल नको हां. घड्याळ जड आहे, पट्टा सैल असला की डायलचा जड भाग बाहेरच्या बाजूला कलंडतं नि संध्याकाळपर्यंत मनगटाचं हाड दुखायला लागतं. ग्लाइडलॉक, म्हणजे पट्टा कमी-जास्त करायची बक्कलमधली सोय, त्यासाठीच दिलंय, २-२ मिमीने सरकतं, मे महिन्यात हात फुगतो तेव्हा दोन खाचा सोडायच्या, एसीत आलास की परत आत.

आणि ३९०० मीटर खोलीपर्यंत वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून बिनधास्त राहू नकोस, क्राउन, म्हणजे बाजूची चावी, नीट स्क्रू केलेला नसेल तर बादलीतलं पाणीही आत जाऊ शकतं. समुद्रातून आलास की गोड्या पाण्याखाली धर आणि बेझल, म्हणजे डायलभोवतीची फिरणारी कडी, फिरवत धू, खाली मीठ नि वाळू बसते.