ट्रॅक-डे झाले, आता रेस?

ट्रॅक-डेला (हौशींनी आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) लॅप टाइम, म्हणजे एका फेरीची वेळ, खाली आला म्हणून लगेच रेसची गाडी शोधू नकोस. एखादा झकास लॅप कुणालाही लागतो, पण सलग दहा लॅपच्या वेळांमधला फरक अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो का ते बघ.

एक्झॉस्टच्या आवाजावर पैसे उधळण्यापेक्षा चांगले ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल घाल. पेडल मऊ लागून खाली जायला लागलं, तर ऑइल उकळलंय समज. तो लॅप सावकाश संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायची जागा) ये.

खरा फरक ओव्हरटेकिंगचा. ट्रॅक-डेला पुढच्याने हात दाखवला की मगच आपण जातो. रेसमध्ये वळणाआधीच्या ब्रेकिंगलाच आतल्या बाजूने गाडीचं नाक घुसवतात, विचारतं कोण! याची सवय कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसमध्ये, स्वस्तात होते (पोरखेळ वाटतो, बरगड्या ठणकल्या की कळेल).

मग कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर रेसिंग स्कूलचा कोर्स कर, एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था) लायसन्स काढ. एलजीबी फॉर्म्युला ४ या एकआसनी गाड्यांच्या रेसमध्ये सगळ्यांना स्विफ्टचंच १३०० सीसी इंजिन, त्यामुळे गाडीच्या नावाने खडे फोडायची सोय नाही. गाडी विकत न घेता टीमकडून सीट भाड्याने घे; अपघाताचा खर्च कुणाचा, हे मात्र आधी लेखी ठरव.